वरची ओळ

माझ्या वहिनीला गल्लीत सगळे वकिलीणबाई म्हणायचे. ते नाव मीच दिलेलं, चिडवायला. गल्लीच्या तोंडाशी माझं इस्त्रीचं दुकान आहे आणि तिथे उभं राहून लोक गप्पा मारतात, त्यामुळे एखादं नाव पसरायला एक दुपार पुरते. वहिनी शिकलेली सातवीपर्यंत. पंधरा वर्षं शर्टांच्या कारखान्यात काजं करते. माझा भाऊ ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. बाकी घर म्हणजे वहिनी, मी आणि आमची सत्तरीची आई.

नाव पडलं ते गुरुवारच्या वर्गामुळे. एका संस्थेची बाई दर गुरुवारी कारखाना सुटल्यावर आमच्या पुढच्या खोलीत यायची. मॅडम नका म्हणू, ताई म्हणा, असं तिनेच पहिल्या दिवशी सांगितलं. चटईवर मांडी घालून बसायची, कान तुटलेल्या कपातून चहा प्यायची, आईच्या गुडघ्यांची चौकशी करायची. गल्लीतल्या वीस-पंचवीस बायका आणि चार-दोन रिकामटेकडे पुरुष दाटीवाटीने बसत. ताई सांगायची, पाणी मागणं म्हणजे भीक मागणं नव्हे. घरातून काढायचं असेल तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते, मग तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. आणि दर गुरुवारी, न चुकता, न वाचता कशावरही सही करायची नाही. हे शेवटचं वहिनी घरीही आईला ऐकवायची.

मी दारात उभा राहून म्हणायचो, हक्कांवर चूल पेटते का ते सांगा. वहिनी माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही.

मग किल्लीचं प्रकरण झालं. कारखान्यात बायकांच्या संडासाला कुलूप आणि किल्ली मुकादमाच्या खिशात. मागायला गेलं की तो चारचौघांत विचारायचा, पुन्हा? पंधरा वर्षं बायका पाणी कमी पिऊन दिवस काढत होत्या. वहिनीने ताईकडून नियम समजून घेतला, अर्ज लिहिला, चाळीस जणींच्या सह्या घेतल्या आणि मशीन बंद करून सगळ्यांदेखत मालकाच्या टेबलावर नेऊन ठेवला. तिसऱ्या दिवशी किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला लटकली. त्या दिवसापासून माझी जीभ जरा आवरली. वकिलीणबाई हे नाव मात्र राहिलं, आणि आता ते कुणी चिडवायला घेत नव्हतं.

आईसुद्धा वर्गात शिरली. जन्मभर अंगठा देणारी बाई, पण चार महिने माझ्या दुकानातल्या रद्दीच्या कोऱ्या कडांवर सही गिरवत बसली. जमली तेव्हा सहीखाली एक लांब रेघ ओढली आणि गल्लीभर दाखवत फिरली. त्या वर्षात अशा अकरा म्हाताऱ्या सही करायला शिकल्या. ताईने त्यांचा फोटो काढला. अहवालात घालते म्हणाली.

आता चूक सांगतो, कारण ती आमचीच होती. वर्ग संपला की हजेरीचा कागद फिरायचा. खाली नाव, घर आणि सही यांचे रकाने. वरची ओळ कोरी. ताई म्हणायची, विषय मी ऑफिसात जाऊन टाकते. कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. कारखान्यात हजेरी अशीच असते. सकाळी कोऱ्या डोक्याच्या कागदावर सह्या करायच्या, तारीख आणि खातं मुकादम संध्याकाळी लिहितो. वरची ओळ साहेबाची, खालची आपली. पंधरा वर्षांची सवय. कागद फिरवायचं काम वहिनीकडे होतं. सगळ्यांत वर तिची सही, मग बाकीच्यांची. घाईने निघणाऱ्यांना ती हाक मारून परत बोलवायची, सही राहिली तुमची म्हणून.

पुढच्या वर्षी नगरपालिकेची नोटीस आली. गल्ली पाडून तिथे बाजाराची इमारत होणार, आणि आम्हाला शहराबाहेर दोन बस बदलून जावं लागेल अशा ठिकाणी खोल्या. कारखाना इथे, माझी गिऱ्हाईकं इथे. तिकडे मी इस्त्री कोणाला करणार होतो, दगडांना? गल्लीचं धाबं दणाणलं. वहिनी तेवढी शांत होती. नोटीस आली म्हणजे सुनावणी होणार, म्हणाली. आपलं ऐकल्याशिवाय त्यांना हात लावता येत नाही. तिने ताईला फोन केला. ताई म्हणाली, अगदी बरोबर, जा आणि ठामपणे बोल.

सुनावणीला आम्ही तीसेक जण गेलो. वहिनीने कामाची सुट्टी टाकली होती, केस घट्ट बांधले होते. ती उभी राहिली आणि एकदाही न अडखळता बोलली. आम्हाला कुणीही विचारलं नाही, रहिवाशांची एकही बैठक झाली नाही, म्हणून ही कारवाई नियमात बसत नाही. माझी छाती फुगली. अधिकाऱ्याने तिला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग फाईल उघडून ती आमच्याकडे फिरवली.

हजेरीचे कागद होते. वरच्या ओळीत टाईप केलेलं: स्थलांतराबाबत रहिवाशांची बैठक, उपस्थितांची संमती. खाली पहिली सही वहिनीची. एका कागदाच्या तळाशी आईची, लांब रेघेसकट. असे चौदा कागद होते.

"ही सही तुमचीच ना?" अधिकाऱ्याने विचारलं.

वहिनी हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

स्थलांतराचं काम नगरपालिकेने ताईच्याच संस्थेला दिलं होतं, हे तिथे कळलं. अधिकाऱ्याने हरकत नोंदवायला पंधरा दिवस दिले. हरकत लेखी, रहिवाशांच्या सह्यांनिशी. बाहेर आल्यावर वहिनीने फोन लावला. ताईने उचलला, हे तिचं धाडस म्हणायचं. नव्या खोल्या पक्क्या आहेत, तुमच्या भल्याचंच आहे, वरून जे मागितलं ते ऑफिसने दिलं, असं काहीबाही सांगत राहिली. वहिनीने तिला एकच विचारलं.

"तुम्ही मला फोनवर 'ठामपणे बोल' म्हणालात, तेव्हा ते कागद दिले होते की द्यायचे होते?"

ताईने फोन ठेवला. केसाने गळा कापणं म्हणतात ते मी ऐकलं होतं, त्या दिवशी पाहिलं. त्या बाईच्या कुर्त्याची तुटलेली बटणं वहिनीने लावून दिली होती. मला त्याचाच राग जास्त येतो.

वहिनीने हरकत लिहिली आणि दारोदार निघाली. नळाजवळची बाई आतून म्हणाली, आम्ही जेवतोय. कारखान्यातली तिची मैत्रीण, किल्लीच्या अर्जावर जिची दुसरी सही होती, ती म्हणाली, तुला काय मिळालं ते आधी सांग. गल्लीतल्या अर्ध्या लोकांना वाटत होतं की वहिनी ताईला सामील आहे. कागद तर तिनेच फिरवले होते. चार दिवसांत नऊ सह्या झाल्या, त्यात एक माझी. वकिलीणबाई हे नाव पुन्हा ऐकू यायला लागलं, आणि ते कसं म्हटलं जातंय हे इस्त्री करताना मला मान वर न करता कळायचं.

पाचव्या दिवशी संध्याकाळी तिने कागद आईपुढे ठेवला. आईने पेन उचललं नाही.

"न वाचता सही करायची नाही, असं तूच सांगायचीस," आई म्हणाली. "मला वाचता येत नाही. तुम्ही सहीच तेवढी शिकवलीत."

वहिनी खाली बसली. अकरा म्हाताऱ्या, चार महिने, तो फोटो. आणि एकीलाही वर्गात अक्षर वाचायला शिकवलं नव्हतं. हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

"मी वाचून दाखवते, आई," ती म्हणाली. तिने कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. आईने डोळे मिटून ऐकला. मग कागद तिच्या हातून घेऊन माझ्याकडे दिला.

"आता तू वाच."

वहिनीने चौदा वर्षं या म्हातारीचं पथ्यपाणी केलंय. मी कागद वहिनीकडेच परत करायला गेलो. वहिनीच म्हणाली, "वाचा भावजी. त्यांचं बरोबर आहे."

मी वाचला. शब्द न् शब्द तोच होता. आईने मान हलवली आणि शाईची डबी मागितली. वहिनीने हळूच विचारलं, सही का नाही?

"ती सही त्यांच्याकडे गेली," आई म्हणाली, आणि अंगठा बुडवला.