चौथी बाजू

हरिबाची सायकल म्हणजे आमच्या गावात चेष्टेचा विषय. मागं कॅरियरवर घोंगडीची घडी, घडीवर बायको विमलबाई, आणि हा इतका हळू चालवणार की पायी निघालेला माणूस पुढं जावा. माझ्या चहाच्या टपरीवरून मी ओरडायचो, आज पोचतोस का उद्या? तो कधी चिडला नाही.

आधी दोघं ऊसतोडीला जायची. तोडीत एक रीत असते. उसाचा फड तीन बाजूंनी कापत आणला की रानातली जनावरं उरलेल्या उसात गोळा होतात. मग एक बाजू मोकळी ठेवायची, आरडाओरडा करून हाकारा द्यायचा, त्यांना निघून जाऊ द्यायचं. त्या दिवशी गाडी भरायची घाई होती. विमलबाईनं सांगितलं, वाट ठेवा. पण घाईतल्या माणसाला बायकोचं कधी ऐकू आलंय? हरिबानं चौथी बाजूही कापायला घेतली, आणि आतलं रानडुक्कर उसळलं ते थेट तिच्या अंगावर. डावा पाय कायमचा अधू झाला. अख्ख्या टोळीनं पाहिलं, म्हणून गावाला ठाऊक. तिनं मात्र त्याला कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. मला विचाराल तर माणूस त्यानंच जास्त जळतो. हरिबानं तोड सोडली आणि सायकल घेतली.

गेल्या हिवाळ्यात दोघं सकाळीच आष्टीच्या बाजाराला निघाली. रेल्वेच्या पुलाखाली अरुंद बोगदा आहे, दोन्ही अंगांना भिंत. निम्म्यात आली आणि समोरून बिबट्या आत शिरला. त्याच्या मागून मोठ्यानं गाणी लावलेला ट्रॅक्टर येत होता. बिबट्याला मागं फिरता येईना, आणि पुढं ही दोघं. तो दबला, कान मागं घेतले, दात दाखवले. हरिबा सायकलवरून उतरला. विमलबाईला उतरवून त्यानं पाठीशी घेतलं, सायकल रस्त्यात आडवी धरली आणि हाकारा द्यायला तोंड उघडलं.

पाठीमागून ती हळू म्हणाली, "अवं, वाट सोडा त्याची."

वाट सोडायची म्हणजे सायकलचा तेवढा एक आडोसाही काढून घ्यायचा. ती तर पळूही शकत नव्हती. हरिबानं उघडलेलं तोंड मिटलं. मग त्यानं सायकल हलकेच ओढून भिंतीला लावली, तिला भिंतीशी दाबून धरलं आणि डोळे मिटले. बिबट्या अगदी जवळून गेला. वास आला, आणि गेला.

बाजार राहिला. दोघं परत येऊन माझ्या टपरीवर बसली. हरिबाच्या कपातला चहा सांडत होता. कुणी काही विचारायच्या आतच तो चारचौघांत रडायला लागला.

"तवा बी तू हेच म्हणली व्हतीस," तो म्हणाला.

विमलबाईनं त्याच्या हातातला कप घेतला, चहा बशीत ओतला आणि बशी त्याच्यापुढं सरकवली.

"आज ऐकलं तुमी," ती म्हणाली. "प्या आता."