मित्सुयोचा उजवा पाय

मित्सुयो ओकाबायाशीच्या उजव्या पायात कसलाही दोष नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. बावन्न वर्षांची बाई, उन्हाळ्याच्या नाचात सगळ्यांत शेवटी दमायची. तरी चार वर्षं तो पाय आमच्या खोऱ्यात बदनाम होता. आणि बदनामी केली कुणी? शाळेत तिच्या वर्गात शिकलेल्या माणसानं!

मित्सुयो घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना अंघोळ घालायची, त्यांची नखं कापायची, औषधं द्यायची. तिची कचेरी खाली नदीकाठी आणि ती ज्यांच्याकडे जाई ती माणसं सगळी वर, युझू लिंबांच्या बागांपाशी. या कामासाठी कचेरीनं सहा गाड्या घेतल्या, आमच्याकडे छोट्या गाड्यांना असते तशा पिवळ्या नंबरप्लेटच्या, साडेसहाशे सीसीच्या. विकणारा कुसुनोसे. तो मित्सुयोचा वर्गमित्र, म्हणून तिनं त्याला सरळ विचारलंही होतं, "काय रे, एवढंसं इंजिन चढाला धापा टाकणार नाही ना?"

"छोटं इंजिन म्हणजे छोटं पोट," कुसुनोसे म्हणाला. "लिटरला सव्वीसचं ॲव्हरेज. डोळे मिटून घ्या."

डोळे मिटून घेतल्या. खालच्या फेऱ्या करणाऱ्या बायका नदीकाठच्या सपाट रस्त्यानं फिरत, त्यांना वीस-एकवीस मिळे. मित्सुयोला तेरा. घाटात ते इंजिन असं किंचाळायचं की वरच्या वाडीतली कुत्री आधीच उठून बसत. पॅडल तळाला टेकवलं तरी मागून सायकलवाला घंटी वाजवेल की काय, अशी गत. कचेरीच्या भिंतीवर दर महिन्याला प्रत्येकीच्या ॲव्हरेजचा कागद लागायचा आणि सगळ्यांत खाली, लाल शाईत, ओकाबायाशी.

कचेरीतल्या साहेबांनी कुसुनोसेला बोलावून विचारलं. त्यानं गाडी फिरवून आणली, बॉनेट उघडून आत नाक खुपसलं आणि सगळ्यांसमोर हसत सांगितलं, "गाडी ठणठणीत आहे. आमच्या मित्सुयोचा उजवा पाय जरा जड आहे, पॅडलवर जोरात पडतो, इतकंच."

"अरे, पण चढ आहे ना?" मित्सुयो म्हणाली.

"चढाला गेलेलं उताराला परत मिळतं की! शाळेत गणितात कच्ची होतीस, अजून तशीच."

सगळे हसले. मित्सुयोही हसली. आमच्याकडे चारचौघांत कुणी चूक दाखवली की ती आधी मान्य करायची आणि मग घरी जाऊन आपली होती का ते बघायचं, ही रीतच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बैठकीत तिनं उभं राहून सांगितलं, "माझा उजवा पाय जड आहे. मी सुधारणा करीन." आणि केली बिचारीनं! बूट काढून नुसत्या मोज्यांवर गाडी चालवली. चढ आला की एसी बंद करायचा हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिनं अख्खा ऑगस्ट, आमचा ऐन उकाड्याचा महिना, तो लावलाच नाही. वजन नको म्हणून अंघोळीचा घडीचा पाटसुद्धा घरी ठेवला. ॲव्हरेज काही तेराच्या वर सरकेना.

तिसऱ्या वर्षी साहेबांनी सगळ्यांत वरच्या रस्त्याच्या फेऱ्या छाटल्या. "ओकाबायाशी-सान, तुमच्या पायाला ती वरची फेरी परवडत नाही. आठवड्यातून दोनदाऐवजी एकदाच जा."

वरच्या टोकाला तोमिए आजी राहायच्या, एकोणनव्वद वर्षांच्या, एकट्या. रस्ता संपल्यावर शंभर पायऱ्या चढून त्यांचं घर. मित्सुयोची स्वतःची आई लवकर गेली होती; मंगळवारी आणि शुक्रवारी आजींची पाठ चोळताना ती जे बोलायची ते दुसऱ्या कुणाशीच बोलत नसे. त्या दिवशी तिनं गुडघे टेकून माफी मागितली. "आजी, आता मंगळवारीच येईन. चूक माझीच आहे. माझा उजवा पाय जड आहे."

आजी तिच्या पायाकडे बघत राहिल्या. महिन्याभरात त्या घर बंद करून खालच्या वृद्धाश्रमात गेल्या. मित्सुयोला निरोपसुद्धा नाही. आजी रागावल्या, असं तिनं धरलं, आणि भेटायला जायचं तिला तोंड राहिलं नाही.

पुढच्या वसंतात गाडी सक्तीच्या तपासणीला गेली. एक भाग मिळेना, म्हणून आठवडाभरासाठी कुसुनोसेनं तिला स्वतःची जुनी गाडी दिली. तेवढंच साडेसहाशेचं इंजिन, पण टर्बोवालं. पहिल्याच चढाला मित्सुयो दचकली. पॅडलवर नुसता पाय ठेवला आणि गाडी गुपचूप वर निघाली. तोच घाट, तीच माणसं, तोच पाय. आठवड्यानं हिशेब केला तर सतरा.

ती गाडी परत द्यायला गेली तेव्हा कुसुनोसे काच पुसत होता.

"या आठवड्यात पाय कुणाचा होता रे?" तिनं विचारलं.

तो हसायला गेला, पण तिचा चेहरा बघून थांबला. "टर्बोला पिळावं लागत नाही," तो म्हणाला. "साध्या इंजिनाला घाटात सारखं पिळावं लागतं, म्हणून ते जास्त पितं."

"हे तुला कधी कळलं?"

"आधीपासून माहीत होतं. पण टर्बो महाग. तुमच्या साहेबांनी सहाच्या सहा गाड्या दुसरीकडून घेतल्या असत्या."

"आणि माझा पाय?"

"मीच विकलेल्या गाडीला मीच नावं ठेवू? कुणाचं तरी नाव घ्यायलाच हवं होतं. खालच्या बायकांपैकी कुणी चिडली असती. तू आपली. म्हटलं, तू समजून घेशील."

मित्सुयोला संताप आला तो या 'आपली'चा. परक्याला फसवायला हा माणूस घाबरला आणि आपल्या माणसाचं त्यानं पायपुसणं केलं! तो माफीसाठी कमरेत वाकला आणि वाकलेलाच राहिला. वाकायला काय लागतं? "उद्या येऊन साहेबांना हेच सांगायचं," एवढं बोलून ती निघाली. त्यानं सांगितलंही. साहेबांनी भिंतीवरचा कागद काढला.

कागद निघाला तरी मित्सुयोचं मन थाऱ्यावर आलं नाही. तिला एकाच माणसाला सांगायचं होतं. रविवारी ती वृद्धाश्रमात गेली. तोमिए आजी खिडकीशी बसल्या होत्या. तिला बघताच त्यांचा चेहरा फुलला आणि नजर सरळ तिच्या पायावर गेली.

"मित्सु-चान! पाय कसा आहे गं?"

"पाय?"

"उजवा. जड झालाय म्हणाली होतीस ना, म्हणून एकदाच येणार. माझ्या जिवाला नुसता घोर. त्या शंभर पायऱ्या चढून चढून पोरगी माझ्यापायी लंगडी व्हायची! मीच कचेरीत फोन केला, मला खाली न्या म्हटलं. आणि तुला सांगू नका म्हणून बजावलं, नाहीतर तू हट्टानं चढत राहिली असतीस."

"आणि घर?"

"घराचं काय? पावसाळ्यात छप्पर बसलं म्हणे. बसू दे."

सगळं मित्सुयोच्या ओठांवर होतं: कुसुनोसे, टर्बो, तेरा आणि सतरा. चार वर्षांचा राग बाहेर पडायला तयार होता. पण तो बाहेर पडला असता, तर एका विक्रेत्याच्या थापेपायी आपण साठ वर्षांचं घर सोडलं, हे आजींना आज कळलं असतं.

"बरा झाला, आजी," ती म्हणाली.

"पूर्ण?"

"पूर्ण."

"चालून दाखव बघू."

मित्सुयो खिडकीपासून दारापर्यंत गेली आणि परत आली. आजींनी समाधानानं मान हलवली.

"बघ," त्या म्हणाल्या, "मी वेळेवर खाली आले म्हणून."