बुडणाऱ्या देशाचे आभार

“हिला खुर्ची कशाला? बेटवाले उभेच राहतील,” सर म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला.

जालन्याच्या लॉ कॉलेजात मी दुसऱ्या वर्षाला होते. अभिरूप न्यायालय बसवायचं होतं. म्हणजे खोटा खटला, खऱ्यासारखा चालवायचा. त्यात चांगली बोलणारी मुलं पुढं औरंगाबादच्या स्पर्धेला जाणार होती. मला जायचं होतं. आमच्या वस्तीतलं माझ्याआधी कुणी त्या कॉलेजाची पायरी चढलं नव्हतं.

विषय सरांनी काढला होता. समुद्रातलं एक छोटं बेट, स्वतंत्र देश. मोठ्या देशांच्या धुरानं पृथ्वी तापली, समुद्र चढला. बेटाच्या विहिरी खारट झाल्या. कबरींवर लाटा आल्या. आता त्या लोकांनी जायचं कुठं? आणि जमीनच गेली तर देश उरतो का?

मोठा देश झाला विक्रम. आष्टीकडच्या आमच्या गावच्या मालकाचा पोरगा. माझा बा त्यांच्याकडंच सालगडी. बेट झाले मी.

“तुला सोंग करावं लागणार न्हाई,” विक्रम म्हणाला. पुन्हा हशा.

शेवट सरांनी असा लिहिला होता: मोठा देश बेटाच्या लोकांना आसरा देतो आणि बेट त्याचा सत्कार करतं. शाल, श्रीफळ, हात जोडून आभार. आमच्याकडं कुठलाच कार्यक्रम सत्काराशिवाय संपत नाही, मग खटला तरी कसा संपणार? ज्यानं बुडवलं त्यालाच नारळ. कुणाला खटकलं नाही.

मला खटकलं. तो सत्कार मी आधी पाहिला होता.

नववीत होते तेव्हा. मालकानं पावसाळ्याआधी वावराच्या कडेनं चर खोदला आणि पाण्याचं तोंड आमच्या वस्तीकडं काढलं. एका पावसात भिंती बसल्या. चुलत्याची शेळी दाव्याला बांधलेलीच मेली. आम्हाला शाळेच्या वऱ्हांड्यात ठेवलं. मालकानं खिचडी दिली. मग गावानं मालकाचा सत्कार ठेवला. हार घालायला माझी माय, ओल्या लुगड्यात. ती पुढं झाली तर मालक म्हणाला, “गळ्यात नको. टेबलावर ठेव.” मायनं ठेवला. टाळ्या वाजल्या.

चुलता वस्तीत चळवळीची पत्रकं वाटायचा. त्यांच्यावरच मी वाचायला शिकले. हक्क हा शब्द मला शाळेच्या पुस्तकाआधी भेटला. पण तो चालवायचा कसा, ते या खटल्याची तयारी करताना कळलं. आपल्या हद्दीतल्या कामानं दुसऱ्या देशाचं नुकसान होऊ द्यायचं नाही, असा आंतरराष्ट्रीय कायदा आहे. केलं तर थांबवायचं, पूर्ववत करायचं, भरपाई द्यायची. आसरा हा शब्द त्यात नव्हता. आभार तर नव्हतेच. वाचता वाचता माझं डोकं तापलं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. न्यायाधीश म्हणून शहरातले एक म्हातारे वकील बसले होते. विक्रम म्हणाला, “समुद्र आम्ही चढवला नाही. पाणी आपोआप चढतं. तरी माणुसकी म्हणून आम्ही यांना जागा देतो.” टाळ्या. सरांनी मला खूण केली. मी शाल, नारळ आणि हाराचं ताट घेऊन पुढं झाले. विक्रम दबक्या आवाजात म्हणाला, “गळ्यात नको. हातात दे.”

बापाचे शब्द, पोराच्या तोंडात.

मी ताट खाली जमिनीवर ठेवलं. न्यायाधीशांना म्हणाले, “मला उलटतपास घ्यायचा आहे.”

“हे आपल्या लिखाणात नाही,” सर ओरडले.

“घेऊ द्या तिला,” म्हातारे वकील म्हणाले.

मी विक्रमकडं वळले. “चर कुणी खोदला?”

“कुठला चर? बेटाचं चाललंय इथं.”

“बेटाचंच विचारून राह्यले. पाणी कुणी वळवलं?”

“पाणी उतारानं जातं.”

“उतार ओढ्याकडं होता. वस्तीकडं कुणी केला?”

त्याचे कान लाल झाले. “आमचं वावर हाये! आमचं पाणी आम्ही कुठंबी काढू. तुम्हाला तिथं राहा कुणी म्हनलं? जानूनबुजूनच काढलं. बोल, काय करती?”

आता कुणी हसलं नाही. खरे मोठे देश इतकं खरं कधी बोलत नाहीत.

मी न्यायाधीशांना म्हणाले, “कबुली नोंदवून घ्या. बेटाला आसरा नको. नुकसान थांबवा, भरपाई द्या. आणि जमीन बुडाली म्हणून देश बुडत नाही. आमचा समुद्र, आमचे मासे, आमचा झेंडा आमचाच राहील.”

सरांनी माइक बंद केला. औरंगाबादला विक्रम गेला. मी नाही.

त्याच आठवड्यात बा जुन्या जालन्यात माझ्या खोलीवर आला. “मालक म्हनले, पोरीला घेऊन ये. समद्या गावापुढं माफी माग म्हनाव.”

“न्हाई मागणार.”

“मंग मला ठिवत न्हाई तो.”

“न्हाई ठिवलं तर न्हाई.”

“तुला बोलायला सोपं हाये, बाई,” बा म्हणाला आणि पाणीही न पिता गेला.

माफी त्यानंच मागितली. मालकाच्या पायरीखाली, अनवाणी, डोक्याचा पटका हातात घेऊन. मालकानं ती ऐकून घेतली, पोटभर ऐकून घेतली, आणि मग त्याला कामावरून काढलं. बा कितीतरी महिने माझ्याशी बोलला नाही.

आता मला वकिलीची सनद मिळाली आहे. चर अजून तसाच आहे, दर पावसाळ्यात तोंड आमच्याकडं. माझा पहिला दावा त्याच चराचा. प्रतिवादी मालक आणि विक्रम, दोघंही. मालकानं माणूस पाठवला होता. “चर बुजवून देतो म्हनले. मिटव आता जल्दी. आपल्याच गावची पोरगी तू.” मी त्याला दारातूनच परत पाठवलं. नुसतं बुजवून भागणार नाही. कोर्टात उभं राहून सांगायचं, कुणी खोदला आणि कशासाठी.

लोक म्हणतात, पोरी, एवढा राग बरा नाही. माझ्या बापाला ज्यानं अनवाणी उभं केलं, त्याला हे कुणी म्हणत नाही. मला सूड हवाय. कायदा त्याला भरपाई म्हणतो. ठीक आहे. मी ती पुरी घेणार.

ती बेटं खरी आहेत. तिथली माणसं मोठ्या देशांच्या परिषदांत बोलायला वेळ मागत बसतात. मी अजून समुद्र पाहिलेला नाही. तरी त्यांना सांगते, आसरा मागू नका. कोर्टात ओढा. नावं घेऊन ओढा.

मालकाला समन्स पोचलंय. खालच्या कोर्टात हरले तर वरच्या कोर्टात जाईन. तिथं हरले तर त्याच्याही वर. मालक म्हातारा झालाय. तो मेला तर दावा एकट्या पोरावर चालवीन.