शेवटच्या भागात आधी कोण बोलतं?

शैला गेल्याचं हिल्डाने मला फोनवर सांगितलं तेव्हा मी युट्रेख्टमध्ये सुपरमार्केटबाहेरच्या रांगेत, साथीच्या नियमाप्रमाणे नुकतीच पुसून दिलेली टोपली हातात धरून उभी होते. हिल्डा ही शैलाची शेजारीण, मूळची सुरिनामची, कृष्णवर्णीय, सत्तरीची. डचमध्ये एकच वाक्य बोलून ती रडायला लागली. तेवढ्यात माझा नंबर आला. मी आत गेले आणि यादीतली प्रत्येक वस्तू घेऊन बाहेर आले. घरी आल्यावर लक्षात आलं, यादी मागच्या आठवड्याची होती...

त्याला आता सात आठवडे झाले. मधे आमच्या इथल्या मराठी मंडळाने ऑनलाइन शोकसभा घेतली. तिच्यात शैलाला ‘थोर समाजसेविका’ करून टाकलं. शैला एका दंतवैद्याकडे पेशंटना वेळा द्यायची. अध्यक्ष पहिली पाच मिनिटं आवाज बंद ठेवूनच बोलले आणि कुणी त्यांना तसं सांगितलं नाही. त्यांच्या आजवरच्या भाषणांत मला तेवढा भाग आवडला. हे सांगायला मी फोन उचलला, आणि ज्यांना सांगावं अशा माणसांची यादी एका नावाची होती हे तेव्हा कळलं.

आम्ही दोघी तीस वर्षांपूर्वी एकाच हिवाळ्यात या देशात आलो. नवरा गेल्यावर शैलाने अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टला, सुरिनामी वस्तीत, मेट्रोजवळच्या उंच इमारतीत फ्लॅट घेतला. आपली माणसं विचारायची, “अगं, तिकडे कशाला?” तिकडे म्हणजे कुणामध्ये, हे बोलून दाखवायची गरज नसायची. दिवाळीच्या जेवणाला मी तिच्या नव्या शेजाऱ्यांवर एक विनोद केला. तो इथे पुन्हा लिहीत नाही. सगळे हसले, एवढंच सांगते. शैलाने ताट खाली ठेवलं, कोट घातला आणि ती निघून गेली. माझ्या कपाटात वर्णभेदावरची दीड फळी पुस्तकं होती, तीही वाचलेली. शैलाकडे एकही नव्हतं. पण नवरा गेल्यानंतर नव्या घरात ती अंथरुणातून उठेना, तेव्हा रोज दार वाजवून तिला सूप पाजणारी बाई हिल्डा होती, हे तिला ठाऊक होतं आणि मला नव्हतं. दोन वर्षं आम्ही बोललो नाही. माफी मागायचं मी ठरवत राहिले. शहाण्या माणसांना ठरवायला फार वेळ लागतो.

मग साथ आली. सगळं बंद झालं त्याच्या पहिल्याच रविवारी, दुपारी चारला, तिचा फोन. नमस्कार नाही, चौकशी नाही.

“विजू, टीव्ही लाव. हिल्डाने एक मालिका शोधलीय. ती पण फोनवर आहे. मी तीन म्हटलं की दोघींनी बटण दाबायचं.”

मी दाबलं.

मालिका अमेरिकेतली. चार कृष्णवर्णीय मैत्रिणी, त्यांच्या नोकऱ्या, प्रेमं, आया, घटस्फोट, आणि एकमेकींची न मागता काढलेली खरडपट्टी. शैलाच्या तोंडात ती नावं बसेनात, म्हणून तिने चौघींना आपल्या पुण्याच्या होस्टेलमधल्या मुलींची नावं दिली. उंच, फटकळ वकीलीण ती प्रमिला. केसांचं दुकान चालवणारी कुंदा. उरलेल्या दोघी निर्मला आणि मंगल. हिल्डाने ही नावं इतक्या सरळपणे उचलली की एकदा तिने आपल्या भाचीला “कुंदाची मालिका बघ” म्हणून पाठवलं आणि ती बिचारी दोन दिवस शोधत बसली.

हिल्डाला दमा, म्हणून मधे एकच भिंत असूनही दोघी आपापल्या घरात बसायच्या. मी युट्रेख्टला. माझा टीव्ही त्यांच्यापेक्षा दोन सेकंद मागे चालायचा, काही केलं तरी. त्यामुळे प्रत्येक विनोदाच्या आधी मला फोनवर शैलाचं हसू ऐकू यायचं. ते आलं की मी सावरून बसायची, मग विनोद यायचा. तो हसण्यासारखा असायचाच असं नाही, पण तोवर मी हसत असायची.

एका भागात प्रमिलाला ऑफिसात केस ‘नीट’ करून यायला सांगतात. आम्ही दोघी हसलो, हिल्डा हसली नाही. म्हणाली, “मी एकवीस वर्षं रोज सकाळी इस्त्री केल्यासारखे केस सरळ केले. टाळूवर डाग आहे अजून. साथ संपली की दाखवीन.” शैला म्हणाली, “दाखव. खोबरेल तेल घेऊन येते.” त्या दिवाळीतला माझा विनोद खोलीत येऊन माझ्या शेजारी बसला होता.

शेवटच्या हंगामात प्रमिला आणि कुंदा भांडल्या. प्रमिला चारचौघांत काहीतरी बोलून गेली आणि कुंदाने दुकानाचं दार तिच्या तोंडावर लावलं. शेवटचा भाग पुढच्या रविवारी बघायचा होता. आधी कुणी बघायचा नाही, हा आमचा नियम. शुक्रवारी शैलाला ॲम्ब्युलन्सने नेलं.

भेटायला परवानगी नव्हती. मंगळवारी नर्सने फोन तिच्या कानाशी धरला. आवाज फार लांबून येत होता.

“बघितलास ना? आधी कोण बोलतं?”

मी बघितला नव्हता. म्हटलं, “प्रमिला. दुकानाच्या दारात येते. म्हणते, मी तसं बोलायला नको होतं. सगळे हसले ते ऐकून मलाच बरं वाटलं, त्याची लाज वाटते.”

मशीनच्या आवाजाआडून ती म्हणाली,

“उशीर केला गं बाईनं.”

“हो. फार.”

“आणि कुंदा?”

“काही म्हणत नाही. तिथेच संपतो.”

“छे! असं कुठे संपवतात?” तिला खोकला आला. “कुंदा म्हणत असेल, आत ये, चहा टाकते.”

शुक्रवारी ती गेली.

मागच्या रविवारी, एका पाहुण्याची मुभा होती म्हणून, मी हिल्डाकडे गेले. चार वाजता आम्ही तो भाग लावला. बटण दाबायच्या आधी मी तिला माझी थाप सांगितली. हिल्डाने रिमोट मांडीवर ठेवला.

“मलाही विचारलं होतं तिने,” ती म्हणाली. “मी सांगितलं, कुंदा फोन करते. तर म्हणाली, तुम्ही दोघी खोटारड्या आहात, एकीनेही बघितला नाही. पण प्रमिलाची थाप मला जास्त आवडली.”

खरा शेवट वेगळाच निघाला. माफीबिफी कुणीच मागत नाही. प्रमिला दुकानात येऊन खुर्चीत मान मागे टाकून बसते, कुंदा पाणी गरम आहे का ते मनगटावर बघते आणि तिचे केस धुवायला घेते. मग असं काही बोलते की हिल्डा खळखळून हसली. अगदी वेळेवर, विनोदाबरोबर. मला मात्र तो कळायला वेळ लागला. फोन सवयीने मी सोफ्याच्या हातावर ठेवला होता, आवाज मोठा करून, आणि त्या वाक्याच्या दोन सेकंद आधीपासून मी त्याच्याकडे बघत होते.