दोन्या तोमासा निर्णय फिरवते

आमच्या मासातेपे गावात डोलखुर्ची नाही असं घर नाही, आणि त्यातल्या निम्म्या खुर्च्यांची वीण दोन्या तोमासाच्या, म्हणजे आमच्या तोमासाबाईच्या, हातची. आठवडाभर ती वेताच्या पट्ट्या ओढते आणि रविवारी पंचाची निळी टोपी चढवून बेसबॉलच्या मैदानात उभी राहते. अकरा वर्षं झाली. ती बेसजवळ, मी फलंदाजाच्या मागे, तोंडाला जाळी लावून. बाकीचे सहा दिवस मी न्हावी आहे. हे आत्ताच सांगतो, कारण त्या दिवशी भर मैदानात मला माझं दुकानच आठवत होतं.

बाईचा स्वभाव विचाराल, तर एकदा वीण सैल राहिल्याची शंका आली म्हणून ती गिऱ्हाइकाच्या ओसरीवरून खुर्ची परत घेऊन आली. गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं होतं. त्याला उठवलं.

अंतिम सामना आमच्या गावात होता, आमच्याच संघाचा. सुरू होण्याआधी लीगचा सेक्रेटरी अनसेल्मो आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "दोन्या तोमासा, लोक बोलतात, बाईमाणसाचं मन घटकेत बदलतं. आज तुम्ही एक जरी निर्णय फिरवलात, तर पुढच्या हंगामाच्या पंचांच्या यादीत तुमचं नाव नसेल."

"आणि लिसांद्रोनं फिरवला तर?"

"लिसांद्रोची गोष्ट वेगळी."

"का? त्याला मिशा आहेत म्हणून?"

मी मिशांवरून हात फिरवत मैदानाकडे बघायला लागलो. वादात न पडणं मला चांगलं जमतं.

शेवटच्या डावापर्यंत आमचं गाव एका धावेनं पुढे होतं. पाहुण्यांचे दोन गडी बाद, दोघं बेसवर, आणखी एक बाद झाला की चषक आमचा. फलंदाजानं चेंडू डावीकडे उंच मारला. बेसवरचे दोघं जीव खाऊन पळाले आणि त्यांनी दोन धावा पूर्णही केल्या. आमच्या संघातल्या पोरानं सूर मारला, गवतावर घसरत गेला आणि चेंडूसकट हातमोजा वर केला. तोमासाची मूठ वर गेली: झेल, बाद! ढोल वाजायला लागले, फटाके उडाले, लोक कुंपण चढले.

पण झेल नव्हता तो. चेंडू आधी गवतावर टेकला होता. माझ्या जागेवरून मला स्वच्छ दिसलं होतं.

आमच्यात रीत अशी की ज्याचा निर्णय त्याचा. जोडीदारानं विचारल्याशिवाय दुसऱ्यानं तोंड उघडायचं नाही. ती विचारणार नाही अशी मला खात्री होती, आणि खरं सांगतो, मला बरंच वाटत होतं.

पाहुण्यांचा प्रशिक्षक ओरडत धावत आला. "टप्पा होता! लिसांद्रोला विचारा!" तिनं त्याला हातानंच थांबवलं आणि सरळ माझ्याकडे चालत आली. टोपी तोंडापुढे धरली.

"पळणारा पोरगा मधे आला. मला हातमोजा दिसलाच नाही, आणि मी मूठ वर केली. तू काय पाहिलंस?"

धूळ होती, दिसलं नाही, असं म्हणून मोकळं व्हावं असं मनात आलं. कुंपणावरची प्रत्येक मान माझ्या वस्तऱ्याखालची. शिवाय तिचंही नाव यादीत राहिलं असतं.

"अगं, यादीतून जाशील."

"यादीचं विचारलं का मी? चेंडूचं विचारतेय."

माझी मलाच लाज वाटली. "टप्पा पडला," मी म्हणालो. "मग हातमोज्यात गेला."

"नक्की?"

"नक्की."

ती मैदानाच्या मधोमध गेली, जिथून सगळ्यांना दिसेल, आणि दोन्ही हात आडवे पसरले. बाद नाही. दोन्ही धावा धरल्या. ढोल थांबले. कुंपणावरून पाण्याच्या पिशव्या येऊन तिच्या पायाशी फुटायला लागल्या.

"विकली गेली!"

"घरी जा, खुर्च्या विण!"

"उद्या विणणारच आहे!" ती ओरडली. "आज खेळा!"

पाहुण्यांचा पुढचा गडी बाद झाला, आमची पाळी आली, एकही धाव झाली नाही, चषक पाहुण्यांनी नेला.

फाटकापाशी अनसेल्मो कागद आणि पेन घेऊन उभाच होता. "मी सांगितलं होतं तुम्हाला."

"हो, सांगितलं होतंस. खोड माझं नाव. पण शेजारी कारण लिही."

"निर्णय फिरवला, हेच कारण."

"अर्धं नको, पूर्ण लिही. 'चुकीचा निर्णय बरोबर केला, म्हणून काढलं.' खाली मी सही करते."

"असं कसं लिहिणार?" त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" मी म्हणालो. लोक ऐकत होते, तरी म्हणालो. "टप्पा मी पाहिलाय. माझीही सही घे."

अनसेल्मोनं पेन खिशात घातलं.

महिनाभर माझ्या खुर्चीत फारसं कुणी बसलं नाही. नव्या हंगामाची यादी मी दुकानाच्या आरशावरच चिकटवली आहे, दाढी करून घेताना वाचावीच लागेल अशी. तिसऱ्या ओळीत लिहिलंय: तोमासा आर्ग्वेयो, पंच.