एकशे सात वजनाची गोळी

मुलांनो, आमच्या दुकानाच्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या करीम मिस्त्रींचा थोरला मुलगा गेल्या महिन्यात वारला. ही हकीकत पुरती माहीत असलेली आता मी एकटीच उरले, म्हणून लिहून ठेवते.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची गोष्ट. मलकापूरला माझ्या वडिलांचं बंदुकांचं परवानाधारक दुकान होतं. मी मॅट्रिक झालेली, त्यामुळे इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे. ऑर्डर मी लिहायची आणि कार्बन कॉपीही मीच फाइलला लावायची.

एका सकाळी पिंपळगाव राजा या गावच्या देशमुखांनी टेबलावर निशाणाचा पुठ्ठा आपटला. त्यात गोळीची चार भोकं होती. एकही गोल नव्हतं; सगळी लांबट.

"पाहा! गोळी आडवी जाऊन राह्यली. रानडुकराले मारली, तं डुक्कर माह्या सालदार गड्यावर उलटलं. मांडी फाडली त्याची. तुमच्या मिस्त्रीनं माही नवी नळी दाबली आन् भंगार बसवली!"

त्यांच्या रायफलची ती नळी आम्ही कलकत्त्याहून मागवली होती. करीम मिस्त्रींनी ती घरी बसवली. रायफल आठ दिवस त्यांच्याकडे होती. त्यांच्या घरी जुन्या नळ्यांचा ढीग असे. खरं सांगते, मलाही संशय आला.

मिस्त्रींना बोलावलं. ते म्हणाले, "आली तीच बसवली, मालक. नंबर पाहा ना."

मी नळीवरचा नंबर बिलाशी ताडला. जुळला.

"नंबर काय, यानंच ठोकला असंल," देशमुख म्हणाले. "उद्या बुलढाण्याले जातो, डेप्युटी कमिशनरसायबाले सांगतो. मंग पाहू याच्या हातात हातोडी राह्यते का बेड्या."

जिल्हाभरातल्या बंदुका मिस्त्रींकडे दुरुस्तीला येत. एकदा चोर म्हटलं गेलं की कोण पाठवणार?

बाबांनी नळी साफ करायच्या गजाला घट्ट चिंधी गुंडाळली. रायफलच्या नळीत आतून पिळाचे आटे असतात. त्यांमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाते आणि सरळ राहते. त्याच जाडीची जड गोळी लांब असते. तिला जास्त फिरकी लागते, म्हणजे कमी अंतरात पूर्ण वेढा. गज आत सरकवला की चिंधी आट्यांबरोबर फिरते. गजावर खूण करून, एक वेढा किती इंचांत पुरा होतो ते मोजायचं.

"सोळा इंचांत एक वेढा," बाबा म्हणाले. "हलक्या गोळीची नळी आहे ही. यांची गोळी तर जड. आपण काय मागवलं होतं?"

मी फाइल उघडली. माझंच अक्षर: गोळीचं वजन एकशे सात ग्रेन. मागे मिस्त्रींची चिठ्ठी टाचलेली होती. तिच्यावर नुसता आकडा, १०७.

देशमुखांच्या काडतुसांच्या खोक्यावरचा वजन छापलेला कागद फाटून गेला होता. म्हणून मिस्त्रींनी एक गोळी काढून सराफाकडे तोलून आणली होती.

"चाचा, हे एकशे सात काय?" मी मिस्त्रींना विचारलं.

"गुंजा. सराफ दुसऱ्या कशात तोलते, बाई?"

ग्रेन हे गोळ्यांचं इंग्रजी वजन; एक गुंज म्हणजे जवळपास दोन ग्रेन. गोळी दोनशे ग्रेनची होती. तिला दहा इंचांचा पीळ हवा होता.

बाबांना आता बारीक अक्षर वाचता येत नव्हतं. बाकी दोघांना इंग्रजी येत नव्हतं. मी फाइल मिटली असती तर कोणाला कळलं नसतं. मी ती उघडीच टेबलावर ठेवली.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "मी न विचारता ग्रेन लिहिलं. नळी तीच आहे."

देशमुख बाबांकडे वळले. "पोरीले शिकवलं तं हे असं!"

"शिकवलं म्हणून तर सांगितलं तिनं," बाबा म्हणाले.

देशमुख बुलढाण्याला गेले नाहीत. मिस्त्रींची माफीही त्यांनी मागितली नाही. दहा इंची नळी आली, मिस्त्रींनीच बसवली, आणि पुठ्ठ्यावर गोल भोकं पडली. सालदार मात्र पुढे कायम लंगडत चालला. त्याला मी काय सांगणार?

मिस्त्रींनी निघताना मला एकच विचारलं, "बाई, तुम्हालेबी वाटलं ना, मी चोर?"

"हो," मी म्हणाले.

"हाव, बाई, खरं बोलल्या."

आकड्यापुढे माप लिहावं. आणि दुसऱ्याच्या घरची झडती घेण्याआधी आपली फाइल उघडावी.

दुकान बंद झालं. रायफल कुठे गेली ठाऊक नाही. मिस्त्रींचे नातू मलकापुरात शिलाई मशिनी दुरुस्त करतात, आणि त्यांच्या पाटीवर अजून आजोबांचंच नाव आहे.