बंद दारांपुढची रांगोळी

बसस्टँड गावाबाहेर गेलं आणि हुणसूरची जुनी पेठ ओस पडली. वडिलांचं शिंप्याचं दुकानही ते गेल्यापासून बंदच होतं. मी म्हैसुरात शाळामास्तर. एका शनिवारी ते विकून टाकायला गेलो.

धूळ, जळमटं असणार असं धरूनच चाललो होतो. तर दारापुढे सडा आणि ताजी रांगोळी! शेजारच्या बंद दुकानांपुढेही तशीच. समोरच्या पायरीवर एक फुलवाली हाताच्या मापानं मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची, माळ मोजत होती. बोटांना रांगोळीची पूड.

"बंद दुकानांपुढे कशाला, अम्मा?" मी कन्नडात विचारलं.

"कोण कुठल्या दिवशी उघडेल, मला काय ठाऊक? म्हणून रोज काढते." मापापेक्षा चार बोटं जास्तच माळ तोडून तिनं ती माझ्यापुढं धरली. "आज तुम्ही आलात. घ्या, दाराला बांधा."

विकायला आलोय हे सांगायला जीभ रेटेना. दलाल आला, त्याला चहा पाजून परत पाठवलं.

आता शनिवार-रविवार मी तिथं शिकवण्या घेतो. शेजारचा घड्याळवालाही परतलाय. आमच्या दारात ती हल्ली रांगोळी काढत नाही. "तुम्ही आहात की आता," म्हणते.

तिचे आभार कसे मानावेत ते मला कळत नाही. म्हणून आता दारातली रांगोळी मीच काढतो. वाकडीच येते.